पटकीच्या रकान्यातले निरंक

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच्या आदल्या वर्षी, चैत्रातल्या एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास, मी मध्यप्रांताच्या साप्ताहिक मृत्युतक्त्यात दक्षिणेकडच्या एका ठाण्यापुढे, पटकीच्या रकान्यात, ‘निरंक’ असे लिहिले. ते खरे नव्हते. खरे नाही, हे त्या वेळी मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी अकरा वाजता, त्या तक्त्यावरून एक निर्णय व्हायचा होता. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस आणि विहिरींत टाकायचे तांबडे औषध घेऊन गावोगाव जाणारे एकच पथक नागपुरात शिल्लक होते. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, दोन शिपाई आणि एक मोटार लॉरी. बाकीची पथके आधीच बाहेर गेली होती. हे पथक शनिवारी सकाळी सहाला निघणार होते. कुठे जायचे ते मंत्री ठरवणार होते. त्यानंतर सरकार उन्हाळ्यासाठी पचमढीला हलणार होते. कचेरीतली कपाटे रिकामी होत होती आणि कागद लाकडी पेट्यांत भरले जात होते.

मी आरोग्य खात्याच्या आकडेवारी शाखेत कारकून होतो. पुढे वर्तमानपत्रात गेलो. ही हकीकत त्या आठवड्यातल्या माझ्या टिपणवहीवरून लिहिली आहे. ज्याची खात्री नाही, ते तसे सांगितले आहे.

मृत्यूची मोजणी तेव्हा पोलीस करीत. प्रत्येक गावचा कोतवाल आठवड्यातून एकदा, शनिवारी, आपल्या ठाण्यात जाई आणि गावात कोण मेले, कशाने मेले ते तोंडी सांगे. बहुतेक कोतवालांना लिहिता येत नसे. ठाण्याचा मुन्शी ऐकून लिहून घेई आणि गावाच्या ओळीपुढे कोतवालाचा अंगठा उमटवून घेई. तो कागद जिल्ह्याला जाई. जिल्ह्याचा कारकून ठाण्यांची बेरीज करी आणि मूळ कागद जोडून आमच्याकडे पाठवी. मी जिल्ह्यांचा तक्ता करी. मंत्र्यांसमोर जो एक कागद जाई, तो हा तक्ता.

कशाने मेले, हे ठरवणारा कोतवालच. देवी त्याला ओळखता येत. साप चावला तर कळे. उरलेले बहुतेक सारे मृत्यू ‘ताप’ या रकान्यात जात. हे आमच्या शाखेत सर्वांना माहीत होते, मंत्र्यांच्या बैठकीतही माहीत असावे. तरीही पटकीच्या रकान्यावर विश्वास ठेवला जाई, कारण पटकी झाली तर ती ओळखण्यात कोतवाल चुकत नाही, असा समज होता. तो समज बरोबर होता.

आदल्या वर्षी तक्त्यात कोऱ्या जागा फार येऊ लागल्या होत्या. कोरी जागा म्हणजे मृत्यू नाही, की कागद आला नाही, असा प्रश्न वरून विचारला गेला. बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या मुख्य कारकुनांनी, मला सर्व ठाण्यांना पाठवायच्या पत्रकाचा मसुदा करायला सांगितले. मी लिहिले की कोणताही रकाना कोरा राहू नये. मृत्यू नसल्यास तेथे निरंक असे स्पष्ट लिहावे. कोरे रकाने असलेले कागद परत पाठवले जातील. पुढच्या दोन महिन्यांत कोऱ्या जागा नाहीशा झाल्या. आमच्या खात्याच्या साहेबांनी तक्ता हातात धरून, “आता हा कागद वाचता येतो,” असे म्हटल्याचे मला आठवते.

त्या गुरुवारच्या तक्त्यात उत्तरेकडच्या एका तहसिलीत पटकीचे मृत्यू होते. दक्षिणेत काही नव्हते. पथक उत्तरेला जाणार, हे बैठकीआधीच दिसत होते.

संध्याकाळी मी लकडगंजात जळाऊ लाकूड घ्यायला गेलो. ज्या टालावरून, म्हणजे वखारीतून, आम्ही लाकूड घेत असू, तिथे एक बैलगाडी नुकतीच लागली होती आणि टालवाला गाडीवानावर तापला होता.

“काल सकायी येनार होता नं तू? गिऱ्हाईक परत गेलं माहं. बैल सासुरवाडीले नेले होते काय?”

“बैलाले काहून बोलता शेठ? बैल सरके वाटेनं चालून राहिले होते. वाटच बंद, तर बैल काय करीन?”

“वाट कोनं बंद केली? तुह्या बापाची आहे का वाट?”

“गाव बांधलं गा. शिवेवर बोरीच्या काट्या टाकल्या, लिंबाचं तोरन बांधलं. आतला बाहीर नाही, बाहीरचा आत नाही. चार कोसाचा फेरा पडला मले.”

टालवाल्याने तराजू थांबवला. “कोन आलं?” असे त्याने हळू विचारले.

“माय,” गाडीवान म्हणाला आणि दोन्ही हात कपाळाला लावले. “तीन गावं बांधली. एकाच नाल्यावरची.”

मी गावांची नावे विचारली. तिन्ही मला ओळखीची होती. त्याच दिवशी दुपारी ज्या ठाण्यापुढे मी निरंक लिहिले होते, त्या ठाण्याच्या हद्दीतली ती गावे होती.

“केव्हापासून बांधली आहेत?”

“शुक्रवारपासून बाबू. मागच्या. बजार बी नाही भरला.”

मरीमाय, म्हणजे पटकीची देवी, आली, की वैदर्भीय खेड्यांत गाव बांधण्याची चाल होती. गावाभोवती शीव आखून घेत. मायचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेईपर्यंत कोणी आत-बाहेर करायचे नाही आणि रोगाचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. हे मी लहानपणापासून ऐकून होतो. कोतवालही गावातलाच माणूस आहे, हे तराजूपुढे उभा असताना लक्षात आले. शुक्रवारी गाव बांधले, तर शनिवारी तो ठाण्यात गेला नसणार.

लाकूड तिथेच ठेवून मी महाल भागात बडे बाबूंच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसून कलिंगड खात होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी बी थुंकली.

“लाकूडवाल्याच्या गाडीवानानं सांगितलं म्हणून मंत्र्यांचा तक्ता बदलायचा?”

“बदलू नका. शेरा लिहू.”

“शेऱ्याला रकाना नाही.”

“समासात लिहू.”

“आणि सकाळी साहेबांनी विचारलं, हे कुणी कळवलं, तर काय सांगू? बैलांनी?” त्यांनी कलिंगडाची फोड खाली ठेवली. मग म्हणाले, “ठाण्याचा मूळ कागद जिल्ह्याच्या जोडपत्रात असेल. पेटी बंद झाली आहे, लाख लागायची आहे. सकाळी सातला ये. किल्ली आणतो. पण त्या कागदावर काही निघालं नाही, तर पुन्हा माझ्याकडे हा विषय काढायचा नाही.”

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघांनी पेटी उघडली. कागद तिसऱ्या गठ्ठ्यात सापडला. ठाण्याखालच्या गावांच्या ओळी एकाखाली एक होत्या. बहुतेकांपुढे काळ्या शाईत आकडे किंवा निरंक, आणि शेवटी जांभळा अंगठा. तीन ओळींपुढे सर्व रकान्यांत निरंक होते. अंगठ्याची जागा मोकळी होती. तिन्ही गावे गाडीवानाने सांगितलेली होती.

बडे बाबूंनी कागद उजेडात धरला, मागून पाहिला, पुन्हा पुढून पाहिला. “अंगठ्याच्या जागेबद्दल आपल्या पत्रकात काही होतं का?” त्यांनी विचारले.

“नाही. फक्त रकान्यांबद्दल.”

पावणेअकराला आम्ही साहेबांना बैठकीच्या दाराशी गाठले. साहेब स्वतः डॉक्टर होते, खात्याचे प्रमुख होते आणि बैठकीत तक्ता तेच मांडत. त्यांनी उभ्यानेच कागद पाहिला.

“तीन अंगठे नाहीत. याचा अर्थ काय?”

“कोतवाल आले नाहीत, एवढाच, साहेब.”

“आणि पटकी?”

“ते एका गाडीवानाने सांगितलं. तेही नाव न घेता.”

“उत्तरेकडचे मृत्यू लिहिलेले आहेत. अंगठ्यांसकट. ते मी दाखवू शकतो. इथे काय दाखवू? मोकळी जागा?” त्यांनी घड्याळ पाहिले. “पथक एक आहे. ते दक्षिणेला वळवलं, तर उत्तरेत माणसं मरतील, ती मला माहीत असलेली माणसं आहेत. दक्षिणेत कुणी मरतंय की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही.”

हे सर्व खरे होते. 

“लॉरी उद्या सहाला माझ्या बंगल्यावरून औषधं घेऊन निघेल,” साहेब म्हणाले. “त्याआधी जबाबदार माणसाचं कथन आणा. किती मेले, कशानं मेले, आणि त्याखाली सही किंवा अंगठा. ते आलं, तर मी माझ्या अखत्यारीत लॉरी वळवतो. नाही आलं, तर ती उत्तरेला जाईल.”

बैठकीत पथक उत्तरेला पाठवण्याचे ठरले. ही बातमी मला दुपारी एक वाजता मिळाली. तोवर बडे बाबूंनी ठाण्याच्या नावे पत्र तयार करून त्यावर सही केली होती. “तुला आज रजा नाही,” ते म्हणाले, “आणि तू कचेरीतही नाहीस. दोन्ही मी सांभाळतो. जा.”

सीताबर्डीहून दीडला सुटणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर सायकल बांधून मी निघालो. ठाण्यात पोचायला चार वाजले. ठाणेदार दौऱ्यावर होते. मुन्शीने पत्र वाचले, पाण्याचा लोटा पुढे केला आणि मी काही विचारण्याआधीच बोलू लागला.

“कोतवाल आला नाही, तर म्या काय लिहू, बाबू? पयले कोरं ठेवत होतो. कागद परत. पुन्हा कोरं, पुन्हा परत. दुसऱ्या खेपेले ठाणेदारसाहेबांनं समद्यांसमोर उभं केलं मले. तवापासून निरंक लिहून राहिलो. कोनी इचारत नाही.”

“आमच्याकडून पत्रक आलं म्हणून?”

“तेच तं.” त्याने भिंतीकडे बोट केले. खिळ्याला टांगलेल्या कागदांत माझे पत्रक सर्वांत वर होते. मसुदा माझा आहे, हे मी त्याला सांगितले नाही.

“गावं बांधली आहेत, हे तुला कळलं होतं?”

“बजार नाही भरला, तवाच कळलं. पन ते लिहायले जागा कुठी आहे?”

ठाण्यापासून गाव पाच मैल. शेवटचे दोन मैल सायकल हाताने ढकलत नेली. शिवेवर पोचलो तेव्हा सूर्य बराच खाली होता, पण ऊन होते. वाटेवर बोरीच्या काट्यांचा आडवा ढीग होता, त्याच्या वर दोन बांबूंना बांधलेले कडुलिंबाचे तोरण आणि खाली हळदीच्या पाण्याचे मडके. काट्यांपलीकडे आठ-दहा पुरुष बसले होते. मला पाहून ते उभे राहिले. मधला, पागोटेवाला, पाटील होता.

“तिथंच थांबा,” तो म्हणाला. “पाय पुढं टाकू नोका.”

मी कुठून आलो ते सांगितले आणि कोतवालाला बोलवायला सांगितले. डॉक्टर, औषध हे शब्द ऐकल्यावर पाटील पुढे आला.

“मागच्या साली आलता तुमचा डाक्टर. आमी बोलावलं नव्हतं. हिरीत लाल दवा टाकून गेला. पानी रगतावानी दिसे. पंधरा दिस बायाइनं घागर नाही बुडवली हिरीत. नाल्याचं पानी पेलं गावानं. तेची सवय लागली, आन आता पाहा.”

मागून कोणी तरी म्हणाले, “डाक्टर हिरीले दवा देते, मानसाले नाही.” दोघे-तिघे हसले. पाटील हसला नाही.

कोतवाल आला. पन्नाशीच्या पुढचा, उंच, खांद्यावर काठी. तो काट्यांपासून दोन हातांवर थांबला. मी एवढेच विचारले की गाव बांधल्यापासून किती माणसे गेली. त्याने पाटलाकडे पाहिले. 

“घराइनं सांगतो, बाबू,” कोतवाल म्हणाला. “तसंच ध्यानात राह्यते. तुमी लिहा.”

त्याने डोळे मिटले आणि गावाच्या वरच्या अंगापासून सुरुवात केली. गावात फेरी घालताना ज्या क्रमाने घरे लागत, त्या क्रमाने तो बोलत होता. पहिले घर, पुतण्या. दुसरे घर, कोणी नाही. तिसरे, म्हातारी. चौथे, सून आणि तिचे लेकरू. विहिरीजवळचे घर, कोणी नाही. ज्या घरी कोणी गेले नव्हते, ते घरही त्याने सोडले नाही. मी गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होतो. पाटलाच्या मागे उभ्या असलेल्यांपैकी एकजण आपले घर आल्यावर खाली बसला. वरची आळी संपली, मधली संपली, मग खालची. शेवटी कोतवालाने डोळे उघडले. मी बेरीज वाचून दाखवली. अकरा.

“अकरा,” तो म्हणाला. “आन शेवटचं घर माहं. तिथं अजून कोनी नाही गेलं. बायको पडली आहे. आज सकायपासून.”

“बाकीच्या दोन गावांत?”

“नाल्यापल्याडच्या कोतवालानं काल हाकेनं सांगतलं, सात. तिसऱ्या गावचं माहीत नाही.”

मी तिसऱ्या गावापुढे ‘माहीत नाही’ असे लिहिले.

“कशानं गेले?”

त्याने दोन्ही हात कपाळाला लावले.

“मला लिहावं लागतं. कारण लिहिलं नाही, तर कागद चालणार नाही.”

“माय,” तो म्हणाला.

“मायचा रकाना नाही. पटकी म्हणू का?”

काट्यांपलीकडे एकदम आवाज उठला. पाटलाने हात वर केला. “नाव घेऊ नोका! गाडा शिवेपार गेला नाही अजून. तुमाले काय, तुमी सायकलीवर बसान आन जाऊन राह्यसान. घरात मानसं आमची आहेत.”

मी माफी मागितली. मग कोतवालाला दुसऱ्या तऱ्हेने विचारले. उलट्या होतात का? होतात. जुलाब? हो. कसे? तांदळाच्या धुवणासारखे. हातापायांत गोळे येतात? येतात, पेंढरीले, म्हणजे पोटरीला. आवाज बसतो? बसतो. डोळे खोल जातात? हो. किती वेळ लागतो?

“कोंबडा आरवल्यावर सुरू झालं, तं दिवस मावयायच्या आंधी मुक्काम हलते,” तो म्हणाला. मग त्याने पश्चिमेकडे पाहिले.

मी लक्षणे एकाखाली एक लिहिली आणि पूर्ण कागद वाचून दाखवला. आता अंगठा हवा होता. शाईची डबी मी मुन्शीकडून आणली होती.

“अंगठा देता येत नाही,” पाटील म्हणाला. “कागद आत आला, पुन्हा बाहीर गेला, तं गाव उघडलं. बांधलेलं मोडलं.”

“कागद आत येणार नाही. मी इथेच धरतो.”

“मंग याचा हात बाहीर येईन. एकच झालं ते.”

मी सांगितले की लॉरी उद्या सकाळी सहाला निघते. हा कागद तिच्याआधी पोचला, तर ती इकडे येईल. नाही पोचला, तर उत्तरेला जाईल आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. दुसरे पथक नाही. याहून जास्त मला माहीत नव्हते आणि मी सांगितले नाही.

“दवा पिऊन मानूस वाचते का?” कोतवालाने विचारले.

“पडलेला माणूस वाचेलच असं नाही. पडला नाही, तो वाचू शकतो. पडलेल्यासाठी मिठाचं पाणी शिरेतून देतात. त्यानं काही वाचतात. डॉक्टरांकडे ते असेल, की नाही, मला माहीत नाही.”

पाटील कोतवालाला म्हणाला, “पाहाय गा. हात बाहीर काढला, तं मानूस बी बाहीर. गाडा जायलोक आत नाही येता येत तुले. घरी कोन पानी देईन तिले, इचार करून घे.”

   कोतवालाने मागे वळून त्या खाली बसलेल्या माणसाला हाक मारली.

“तुही बायको जाईन काय गा माह्या घरी?”

तो माणूस म्हणाला, “जाईन.”

कोतवालाने काठी काट्यांना टेकवून ठेवली आणि बाजूच्या बांधावरून बाहेर आला. माझ्या हातातल्या डबीत त्याने स्वतः अंगठा बुडवला आणि कागदावर दोनदा उमटवला. पहिला पुसट आला होता. पाटलाने मडक्यातले हळदीचे पाणी घेऊन शिवेवर शिंपडले आणि काट्या पुन्हा नीट लावल्या. कोतवाल वाटेच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली बसला.

“लारी उद्या येतेच नं?” त्याने मला विचारले.

मी सांगितले, की प्रयत्न करीन. तो म्हणाला, “तसं नोका सांगू.”

परतीची मोटार मिळण्यासारखी नव्हती. मी सायकलने निघालो. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की मागचे चाक एकदा पंक्चर झाले आणि दोन तास गेले.

शनिवारी सकाळी सहाला दहा मिनिटे असताना मी साहेबांच्या बंगल्यावर पोचलो. लॉरी उभी होती, इंजिन चालू होते. शिपाई शेवटची पेटी चढवत होते. साहेब ओट्यावर होते. त्यांनी कागद वाचला, शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून.

“कारणाच्या रकान्यात काय लिहिलंत?”

“लक्षणं. कोतवालाने नाव घेतलं नाही.”

“ते मी घेतो,” साहेब म्हणाले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी अकरा आणि सात या दोन आकड्यांपुढे पटकी असे लिहिले आणि खाली सही केली. तिसऱ्या गावापुढे माझे ‘माहीत नाही’ होते. त्याला त्यांनी हात लावला नाही. मग ओट्यावरून उतरून लॉरीतल्या डॉक्टरांशी बोलले. लॉरी सहा वाजून पाच मिनिटांनी फाटकातून बाहेर पडली आणि दक्षिणेकडे वळली.

पुढचे मला डॉक्टरांच्या रोजनिशीवरून कळले. ती नंतर शाखेत आली आणि मी तिची नक्कल केली. पथक शनिवारी अकराच्या आधी शिवेवर पोचले. त्यांना आत घेतले नाही. डॉक्टरांनी नाल्याच्या वरच्या अंगाला औषध टाकले आणि नाल्यापल्याडच्या गावात गेले. ते गाव तिथल्या दोन पाटलांतल्या वादामुळे सकाळीच उघडले होते. तिसरे गावही त्याच दुपारी उघडले. तिथे पटकीचे मृत्यू झालेले होते. रविवारी पहाटे पहिल्या गावाने मायचा गाडा शिवेपार नेला.

उत्तरेच्या तहसिलीत पथक बुधवारी पोचले. शनिवार ते बुधवार या चार दिवसांत तिथे पटकीने मृत्यू झाले. ते सर्व लिहिले गेले, अंगठ्यांसह. पुढच्या तक्त्यात मी ते उतरवले.

डॉक्टरांच्या रोजनिशीत रविवारची नोंद अशी होती: सकाळी आठ वाजता गावात प्रवेश. गावचा कोतवाल पुढे चालत होता. प्रथम त्याच्या घरी गेलो. एक स्त्री, वय सुमारे पंचेचाळीस, फार अशक्त. शेजारीण लोट्याने पाणी पाजत होती. ते पोटात ठरत होते.